शिकण्याचे पैसे

गेल्या महिन्यात आमच्या टीमला पुन्हा दोन इंटर्न हवे होते आणि मुलाखती माझ्याकडे होत्या. आलेल्यांपैकी एक मुलगा भिवंडीचा निघाला, पद्मानगरचा. मीही भिवंडीतच वाढलेला, त्यामुळे शेवटी गप्पा गावावर आल्या. त्याचे वडील मागावर कामाला. उठता उठता त्याने विचारलं, "दादा, स्टायपेंड आहे का?"

"नाही, पण शिकायला खूप मिळेल," मी म्हणालो.

सात वर्षांपूर्वी हेच वाक्य मला कुणीतरी ऐकवलं होतं. तेव्हा ते मला खरं वाटलं होतं. आता स्वतःच्या तोंडून निघाल्यावर तितकंसं वाटलं नाही.

त्याने शांतपणे हिशेब मांडला. भिवंडीहून ठाण्यापर्यंत बस, पुढे ऐरोलीची लोकल, दुपारचं जेवण, आणि हे सगळं सहा महिने. त्याचा बारावीचा मित्र माणकोलीच्या गोदामात हातात स्कॅनर घेऊन उभा असतो. तिथे पहिल्या दिवसापासून हजेरी लागते.

आपल्याकडे या अवस्थेला जुना शब्द आहे, उमेदवारी. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ उमेद बाळगणारा. कचेरीत कधीतरी जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी कागद लिहीत बसणारे तरुण उमेदवारी करत. कामाचा मोबदला म्हणजे आशा. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने हा व्यवहार निदान कागदावर आणला. असा उमेदवार प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असं हा कायदा म्हणतो, पण त्याला विद्यावेतन द्यायलाच लावतो. कॉलेजच्या पत्रावर होणारी साधी इंटर्नशिप या चौकटीत बसत नाही. ती अजून जुन्या कचेरीतच आहे.

सरकारला हा प्रश्न दिसत नाही असं नाही. 2024 मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये आणि मुदत सहा महिने. त्याच वर्षी केंद्राने मोठ्या कंपन्यांसाठी आणलेल्या योजनेत महिना 5,000 रुपये ठरले, त्यात सरकारचे 4,500 आणि कंपनीचे 500. घरून डबा आणणाऱ्या मुलाला हे पैसे नक्कीच उपयोगी पडतात. तरीही ही वाटणी मला खटकते. काम ज्याच्या टेबलावर होतं, त्याचाच वाटा सगळ्यात लहान.

या सगळ्याला आपण मनुष्यबळ विकास म्हणतो. 1985 पासून 2020 पर्यंत देशाच्या शिक्षण खात्याचं नावही हेच होतं. शब्दात माणूस आहे, पण वजन बळावर आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, असं कांटने 1785 मध्ये लिहिलं. त्यातला 'केवळ' महत्त्वाचा. रिक्षावाला माझं साधन असतो, मी कंपनीचं असतो, त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की त्या व्यवहारात समोरच्याच्या गरजेला काही जागा आहे की नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. गेल्या वर्षी माझ्या हाताखालच्या एका इंटर्नने रात्रीचे रिपोर्ट तपासणारी स्क्रिप्ट लिहिली. ती आजही रोज चालते. सहा महिन्यांनी तो प्रमाणपत्र घेऊन गेला, आणि माझ्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर ती स्क्रिप्ट माझ्या कामांच्या यादीत आली. खोटं असं मी काही लिहिलं नव्हतं. 'टीमने केलं' एवढंच लिहिलं होतं.

त्याला शिकवण्यात माझे तास गेले, हे खरं. सुरुवातीचे दोन महिने तो नसता तर काम लवकर झालं असतं. कंपन्या नेमकं हेच म्हणतात, आणि पैसे द्यायला लावले तर आम्ही तयार माणसंच घेऊ, असंही म्हणतात. हा आक्षेप पोकळ नाही. पण त्याला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. एक, शिकतो मीही. दर वर्षी नवी भाषा, नवी साधनं, आणि तेही ऑफिसच्या वेळेत. त्याबद्दल माझा पगार कुणी कापत नाही. मग शिकणं हे फक्त सर्वांत गरजू माणसाच्याच बाबतीत वेतन कसं होतं? दुसरं, फुकट इंटर्नशिपही माणसं गाळतेच. ती कौशल्य पाहून गाळत नाही, सहा महिने घरचं खाऊन राहण्याची ऐपत पाहून गाळते.

भिवंडीत मागावर मजुरी मीटरवर मिळते. कापड बाजारात जातं तेव्हा ते विणणाऱ्याचा हात बसलेला होता की नवा होता, हे गिऱ्हाईक विचारत नाही. खराब निघालं तर भाव पडतो, पण चांगलं निघालेलं कापड नवशिक्याचं म्हणून फुकट मागायची कुणाची हिंमत होत नाही. मला वाटतं, एवढी कसोटी आम्हालाही पुरावी. इंटर्नचं काम वापरात गेलं, की ते काम झालं. त्याआधीचे महिने शिकवण्याचे धरा, पण तेव्हाही प्रवास आणि जेवण त्याच्या बापाच्या मजुरीतून जाऊ नये.

मूल्यमापनाचा फॉर्म आता बदलता येत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत त्या मुलाचं नाव मात्र मी घातलं आहे. नव्या दोन जागांच्या मागणीपत्रात विद्यावेतनाचा रकाना भरून वर पाठवला आहे. मॅनेजर म्हणाले, "बघू."

पद्मानगरच्या मुलाचा काल मेसेज आला होता, "दादा, काही कळलं का?" मीही त्याला तेच लिहिणार होतो. मग थांबलो. एवढं लिहिलं, की पैशांचं नक्की होईपर्यंत गोदामातली जागा सोडू नकोस. त्यालाही तिथे लागून आता आठवडा झाला आहे.