पाचवी खुर्ची

मधल्या खोलीचं ‘डायनिंग’ करायचं आमच्या घरी ठरलं. बजेट 10 हजार. ठरवलं हिनं, दिले मी. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार भरतो मात्र बुधवारी आणि रविवारी. तिथून सागवानी पायांचं एक टेबल आणलं. वरची फळी गेलेली होती, तिथं सुताराकडून प्लायवूड ठोकून वर सनमायका लावून घेतला. तोही सागवानी दिसणारा! भिंतींना डिस्टेंपर मी स्वतः दिला. त्यातला थोडा भिंतींनाही लागला.

खुर्च्या मात्र बजेटात चारच बसल्या. माणसं पाच.

“मला नकोच गं खुर्ची,” आई हिला म्हणाली, “माझा पाट बरा.”

प्रश्न सुटला. इतका झटकन सुटला, की मलाच चुकल्यासारखं वाटलं. आईचे गुडघे काही आज दुखत नाहीत. पण तिला आंब्याची फोड नको असते, कोयच आवडते. ताजी पोळी नको, शिळीच गोड लागते. आणि आम्ही मातृभक्त! इतकी वर्षं तिचा शब्द खाली पडू दिलेला नाही. आता ही मातृभक्ती की काटकसर? बरं, आग्रह करावा तर पाचवी खुर्ची आणायला हवी.

पहिल्या रात्री आम्ही चौघं वर बसलो. आमची ताटं जमिनीपासून 30 इंचांवर, आईचं जमिनीवर. आमटीचा भुरका घेऊन तिनं मान वर केली.

“छान झालंय हो टेबल,” ती म्हणाली. “खालून तेवढा सनमायका लावायचा राहिलाय वाटतं रे.”