शेजारधर्माचा मोबदला

आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्याच राहतात. त्यांस सारे आजी म्हणतात. त्यांची कन्या अमेरिकेंत न्यू जर्सीस असते. समोरच्या बिऱ्हाडांतील पंधरा वर्षांचा मुलगा गेलीं दोन वर्षें आजींचें दळण गिरणींतून आणून देतो, औषधें आणतो, विजेचें बिल मोबाईलवरून भरतो, आणि तो मोबाईल रुसून बसला म्हणजे त्याची समजूतहि तोच काढतो. गेल्या दिवाळींत कन्या आली होती. तिनें हें पाहून मुलाच्या हातावर ५०० रुपये ठेवले व दरमहा तितके मिळत जातील असें सांगितलें. मुलगा हरखला. परंतु त्याच संध्याकाळीं त्याच्या आईनें ते पैसे परत आणून दिले. 'ताई, आजींच्या कामाचे पैसे घ्यायला आम्ही का परके आहोंत?' असें ती म्हणाली. कन्येस वाईट वाटलें, मुलाच्या आईसहि वाटलें. मुलास काय वाटलें हें मात्र कोणीं विचारलें नाहीं. आणि शेजाऱ्याच्या कामाचे पैसे मुलांनीं घ्यावेत कीं नाहीं, या प्रश्नाची गांठ माझ्या मतें तेथेंच आहे.

कन्येची बाजू परकी म्हणून टाकून देतां येणार नाहीं. ती राहते त्या देशांत शेजाऱ्याच्या अंगणांतील गवत कापणें, हिंवाळ्यांत वाटेवरचा बर्फ उपसणें, संध्याकाळीं कोणाचें मूल सांभाळणें, हीं कामें शाळकरी मुलें उघडपणें पैसे घेऊन करतात, आणि सुखवस्तु घरच्या मुलासहि त्यांत कमीपणा वाटत नाहीं. उलट आपल्या मध्यम वर्गांत अशा पैशाची जी लाज आहे ती सर्वस्वीं शेजारधर्मांतूनच उपजली आहे असें म्हणवत नाहीं. मजूर म्हणवून घेण्याची भीतीहि तींत बरीच मिसळलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून मुलांस श्रम करून शिकावयास लावलें. ती लाज आमच्या जिन्यापर्यंत मात्र अजून शाबूत आहे.

तथापि आईचें म्हणणें केवळ अभिमानाचें नव्हे. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करूं नये ही आपली जुनी रीत. त्या वाटींत काय घालावयाचें याचा हिशेब नसतो, आणि हिशेब नसतो म्हणूनच देणेंघेणें संपत नाहीं. पैसे दिले कीं व्यवहार मिटला. उरी ग्नीझी व आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें आठवतो. इस्रायलमधील शाळकरी मुलें दारोदार फिरून सत्कार्यासाठीं वर्गणी जमवीत होतीं. कांहींस मोबदला मुळींच नव्हता. कांहींस जमलेल्या रकमेच्या शेंकडा एक, कांहींस शेंकडा दहा इतका, संशोधकांच्या पदरचा, ठरविला होता. सर्वांत अधिक वर्गणी फुकट फिरणाऱ्यांनीं आणली, सर्वांत कमी शेंकडा एकवाल्यांनीं. दहावाले मध्यें राहिले. यावरून पैसे देऊंच नयेत असें ठरविणें उतावीळपणाचें होईल. मला त्यांत विशेष दिसतें तें हें, कीं चिरीमिरी सर्वांत वाईट. तिनें मनाचें समाधान जातें आणि श्रमाची किंमतहि पदरांत पडत नाहीं.

बालवीरांच्या चळवळीनें यांतून मोठी सोयीची वाट काढली. रोज एक सत्कृत्य निरपेक्षपणें करावें हा तिचा दंडक. आणि तिनेंच इंग्लंडांत १९४९ पासून शेजाऱ्यांचीं किरकोळ कामें शिलिंग घेऊन करण्याचा आठवडा पाळला. आपल्याकडे तशाच उपक्रमास 'खरी कमाई' म्हणतात. पैसा पथकाच्या पेटींत जातो, खिशांत नाहीं, म्हणून ही विसंगति कोणास बोंचली नसावी.

असो. येथवर विचार झाला तो दोन बरोबरीच्या घरांचा. परंतु आमच्या इमारतींत भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंची मुलगीहि पंधरा वर्षांचीच आहे. आईचे गुडघे दुखूं लागले कीं ती हाताशीं येते. अशा वेळीं कोणी ना कोणी तिला हांक मारून म्हणतें, 'अग, एवढा डबा गिरणींत टाकून ये.' ती जाते. त्यासहि आम्ही मदतच म्हणतों, आणि पैशाची गोष्ट कोणी काढीत नाहीं. मुलाचें काम आणि मुलीचें काम तंतोतंत एक. डब्याचें वजनहि एकच. पण मुलाच्या घरीं आजारपण आलें तर आजी खिचडी पाठवितात. मुलीच्या घरीं आमच्यापैकीं कोणीं कधीं पाऊल टाकलेलें नाहीं. जी वाटी एकाच दिशेनें जाते तिला शेजारधर्म म्हणणें ही शुद्ध फसवणूक आहे. तिचें जुनें नांव वेठ.

महाराष्ट्रास हें नांव नवें नाहीं. महार वतनाच्या पद्धतींत निरोप पोंचविण्यापासून ओझें वाहण्यापर्यंत कामें ठराविक वेळेवांचून व पुरेशा वेतनावांचून करावीं लागत, आणि वतनदार घरीं नसला तर घरांतील दुसऱ्यास जावें लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती करणारें बिल मांडलें. तीं वतनें नाहींशीं करणारा कायदा १९५८ सालीं झाला. मध्यंतरीं राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें वेठबिगारीस मनाई केली. डब्याची एक फेरी त्या मानानें क्षुल्लक, हें मला कळतें. पण जिला 'नाहीं' म्हणतां येत नाहीं तिची सेवा देणगी होऊं शकत नाहीं, हें दोहींकडे सारखेंच. तिची आई आमच्याकडे कामास आहे. ती नाहीं कशी म्हणेल? तिला पैसे दिलेच पाहिजेत, तेहि आधीं ठरवून आणि पुरते. तिच्या बारा वर्षांच्या भावास तर पैसे देऊनहि बोलावतां येणार नाहीं; २०१६ सालीं दुरुस्त झालेल्या कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलांस कामास ठेवण्याची बंदी आहे.

मग समोरचा मुलगा तरी 'नाहीं' म्हणूं शकतो काय? मीं त्यालाच विचारलें. तो म्हणाला, 'काका, दळणाचं कांहीं नाहीं. पण परीक्षेच्या आदल्या दिवशींहि आई म्हणते, जा.' म्हणजे औदार्य आईचें आणि खर्च मुलाचा. दान आपल्या मालकीच्या वस्तूचें करावयाचें असतें. मुलाची संध्याकाळ आईच्या मालकीची आहे काय? पांचव्या वर्षीं असेल. पंधराव्या वर्षीं तितकीशी नाहीं.

आजींनाहि मीं छेडलें. त्यांचें उत्तर मला अनपेक्षित होतें. 'पैसे देत असतें तर त्याला सात वाजतां ये म्हणालें असतें. आतां तो येईल तेव्हां येईल, आणि मी वाट बघत बसायची. शिवाय भेटेल तेव्हां त्याच्या आईचं तोंडभर कौतुक करायचं.' उपकार घेणाऱ्याच्याहि अंगावर ओझें असतें, आणि म्हातारपणीं तें फेडतां येत नाहीं म्हणून अधिकच जड होतें, हें आम्ही धडधाकट लोक विसरतों.

शेवटीं ठरलें तें असें. मुलगा पैसे घेत नाहीं. मात्र अडचण असेल त्या दिवशीं तसें सांगण्याची त्यास मोकळीक आहे, आणि आजी आठवड्यांतून दोन दिवस त्याचें संस्कृत घेतात. मुलीस दर फेरीस ३० रुपये, फेरी होतांच. पहिल्या महिन्यांत मुलगा दोनदां नाहीं म्हणाला. त्याची आई अजून घुश्शांत आहे. मुलगी एकदांहि नाहीं म्हणाली नाहीं. आणि तिसऱ्या मजल्यावरील एका गृहस्थांनीं मला जिन्यांत थांबवून, 'तुम्हीं उगाच भाव वाढवून ठेवलात,' अशी तक्रार केली.