शिडें आणि आभाळ

गिरगांव चौपाटीवर बसून दूरच्या होडीला सुंदर म्हणणें सोपें आहे. परंतु त्या होडीवर ज्याचें पोट अवलंबून, त्याच्या जोखमीचें आपण कौतुक करावें, हें न्याय्य आहे काय? यूजेन बूदँ (१८२४–१८९८) या फ्रेंच चित्रकाराचीं शिडाच्या होड्यांचीं चित्रें पाहतांना हा प्रश्न मला टोचतो. बूदँ हा ओंफ्लर बंदरच्या खलाशाचा मुलगा. लहानपणीं बापाच्या बोटीवर राबलेला. त्याच्या चित्रांत शिडें चिमुकलीं, आभाळ मात्र बहुधा अर्ध्याहून अधिक. रसिक यास प्रकाशाची किमया म्हणतात, म्हणोत बापडे! वरळीची कोळीण, घरधनी दर्यावर असतां, आधीं आभाळच पाहते. बूदँचा डोळा तिच्या जातीचा आहे. कोळ्यांच्या होड्यांना आतां यंत्रें बसलीं, तरी तिची नजर वर जातेच. माझी अजून शिडें शोधते.