रीत आणि शील

परमुलुखात घर मांडून राहिलेल्या माणसाला मोठ्या गोष्टींपेक्षा किरकोळ गोष्टीच अधिक बुचकळ्यात टाकतात. अमेरिकेत बटण वर केले म्हणजे दिवा लागतो, आमच्याकडे खाली केले म्हणजे. जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, आमच्याकडे डाव्या. स्वीडनमध्ये तर ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे साऱ्या राष्ट्राने डावी बाजू सोडून उजवी धरली. आदल्या दिवशीचा नियम दुसऱ्या दिवशी अपराध ठरला! मग योग्यायोग्यतेला काही बूड आहे की नाही, असा प्रश्न पडावा हे स्वाभाविकच आहे.

असे कोडे पडण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो असे नाही. नोकरीनिमित्त उत्तरेत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींचा श्रावण शेजाऱ्यांच्या श्रावणाशी पुरता जुळत नाही. आमचा महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे गोकुळाष्टमी आमच्या पंचांगात श्रावण वद्य अष्टमीला येते, त्यांच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमीला. रात्र मात्र तीच आणि चंद्रही तोच.

पंचांगाच्या बाबतीत आम्ही जी समजूत सहज दाखवितो, ती माणसांच्या बाबतीत दाखवीत नाही. आईने मीठ पुढे केले तरी इंग्रज मुलगा आभार मानतो. आम्हांला तो कोरडेपणा वाटतो. आमच्या घरी कोणी असे आभार मानले तर आईच म्हणेल, "मी काय परकी आहे?" उलट आमचे मौन इंग्रजाला कृतघ्नपणाचे वाटते. येथवर सारी मौजच आहे. परंतु ज्याच्या हाती दुसऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिण्याचे काम आहे, त्याने हाताखालच्या परप्रांतीयाच्या अबोलपणाला उर्मटपणा म्हटले, की रीतीतला फरक शीलातला दोष म्हणून कागदावर उतरतो आणि एखाद्याची बढती अडते.

म्हणून सर्वच रूढी आहे, नीती अशी काही नाहीच, असे मात्र नव्हे. रस्त्याची बाजू संकेताने ठरते. समोरून येणाऱ्याचा जीव जपावा, हे संकेताने ठरत नाही. दुर्बळाला नाडणे हे कोणत्याही मुलुखात दुष्कृत्यच आहे. तेव्हा परक्याची एखादी रीत खटकली, तर आम्ही आधी स्वतःला एवढेच विचारावे : येथे कोणाचे अहित होत आहे, की केवळ आमची सवय दुखावली आहे? अहित होत असेल तर गप्प बसणे हा भेकडपणा होय. सवयच दुखावली असेल, तर लेखणी खाली ठेवणे हाच न्याय होय.