न्हाणीतले पाणी कोणाचे?

जालना शहरातील आमच्या जुन्या माळवदाच्या घरातली न्हाणी अखेर मोडावी लागली. शहाबादी फरशी खचली होती, भिंतींना ओल धरली होती. गुडघ्यांनी अधू झालेल्या आईला रात्री-अपरात्री परसातल्या संडासापर्यंत जाणे जमेनासे झाले होते. तेव्हा ही दुरुस्ती चैन नव्हती. आईवडिलांचा मान राखण्याची चौथी आज्ञा कधी कधी भिंतीत बसविलेल्या आधाराच्या दांडीनेही पाळावी लागते.

पेच पडला तो पुढे. कारागिराने दाखविलेल्या नमुन्यांत शॉवर होता, टब होता आणि एका दाबासरशी दहा लिटर पाणी सोडणारी फ्लशची टाकी होती. पैशांची जुळवाजुळव होत होती. पण पाण्याचे काय? घरातल्या पाच माणसांनी दिवसातून पाच वेळा ती टाकी रिकामी केली, तर २५० लिटर पाणी नुसते वाहून जाणार. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी दररोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे चार माणसांच्या साऱ्या दिवसाच्या वाट्याहून अधिक पाणी आमच्या एका टाकीतून गेले असते.

२०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला, तेव्हा टँकर विकत घेणारे आणि हंडा घेऊन टँकरमागे धावणारे, दोघेही याच शहरात राहत होते. पैसे आपले असले, तरी पाणी आपले होते काय? सृष्टीतील वस्तू देवाने सर्व मानवांसाठी निर्माण केल्या आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकविले. पिण्यायोग्य, सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात बजावले.

कोणी म्हणेल, तुमच्या न्हाणीत वाचलेले पाणी मंठ्याच्या किंवा परतूरच्या हंड्यात थोडेच पडणार आहे? ते खरे आहे. परंतु एकाच जलवाहिनीवर अवलंबून असलेल्या वस्तीत अलीकडच्यांनी बेफिकीर उपसा केला, की शेवटच्या घराचा नळ कोरडा राहतो. ते शेवटचे घरही आपल्याच धर्मग्रामातले असू शकते.

आम्ही आईसाठी कमोड, आधाराची दांडी आणि न घसरणारी फरशी बसविली. टाकी तीन व सहा लिटरची घेतली. शॉवर व टब टाळले. न्हाणीचे सांडपाणी पूर्वीप्रमाणेच परसातल्या केळींकडे वळविले. तांब्याचे जुने गंगाळ मोडीत घालावे, असे कारागिराने सुचविले. आईने ते दिले नाही.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने गंगाळातच पाणी ओतले होते. त्या वेळी त्याची नजर दुसऱ्याच्या पायांकडे होती. नळ उघडताना आपली नजर कोठे असते, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या न्हाणीत उभे राहून स्वतःला विचारावे.