आधी ऐकू या



इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात १९३० व १९४० च्या दशकांत काही प्राध्यापक व लेखक मित्र गुरुवारी रात्री सी. एस. लुईस यांच्या खोलीवर जमत. ‘इंकलिंग्ज’ हे त्या मंडळाचे नाव. नियम नाहीत, पदाधिकारी नाहीत. एकाने आपली नवी अद्भुत कथा वाचायची, इतरांनी ऐकायची व मोकळेपणाने मत द्यायचे.

लुईस लहानपणीच आईला मुकले. पुढे श्रद्धाही गेली. देव आहे, इथवर ते परत आले, पण ख्रिस्त त्यांना उमगेना. सप्टेंबर १९३१ मधील एका रात्री डायसन आणि कॅथॉलिक असलेले टोल्किन हे दोन मित्र त्यांच्याशी उत्तररात्रीपर्यंत बोलत राहिले. थोड्याच दिवसांत लुईस यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. पुढे टोल्किन यांचे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ अडले, तेव्हा लुईस यांनीच त्यांना धीर दिला. हे ऋण टोल्किन यांनी मान्य केले.

अम्माऊसच्या वाटेवर प्रभू येशूनेही आधी शिष्यांचे दुःख ऐकले, मग शास्त्र उलगडले.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेले बांधव होळीला परततात. ‘मिस्साला का येत नाही?’ असे आपण त्यांना लगेच विचारतो. ‘तिकडे दिवस कसे काढलेस?’ असे विचारतो का? या आठवड्यात अशा एकाच्या अंगणात जाऊन बसू या. प्रभू आपणांस ऐकणारे मन देवो. आमेन.