प्रार्थनेतील 'आम्ही' कोण?



मराठी माणसाला एक भेद बालपणीच, कोणी न शिकवता कळतो. शेजारी म्हणाला, "आम्ही जेवायला चाललो आहोत," तर आपण घरीच थांबावयाचे असते. तोच म्हणाला, "चला, आपण जेवायला जाऊ," तर पायांत वहाणा घालावयाच्या असतात. ऐकणारा आत की बाहेर, हे एका सर्वनामावरून ठरते. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु', तमिळमध्ये 'नांगळ्' आणि 'नाम्' असाच भेद आहे. आपल्या भाषेला ही देणगी दक्षिणेकडच्या भाषांच्या सहवासातून मिळाली असावी, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. हिंदीचा 'हम' मात्र दोन्हीकडे चालतो, आणि नव्या कराराच्या ग्रीक भाषेतही आत-बाहेर दाखविणारे दोन निरनिराळे शब्द नाहीत.

त्यामुळे शास्त्राचे मराठी भाषांतर करणाऱ्याला पानोपानी एक निर्णय घ्यावा लागतो, जो ग्रीक लेखकाला कधी घ्यावा लागलाच नव्हता. लूककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील पाचवे वचन पाहा. कफर्णहूम येथील यहूदी वडील रोमी शताधिपतीसाठी प्रभू येशूकडे रदबदली करीत आहेत. त्याचे राष्ट्रावर प्रेम आहे, असे ते सांगतात. हे राष्ट्र येशूचेही आहे, म्हणून येथे 'आपल्या राष्ट्रावर' म्हणावयास हवे. पुढच्याच वाक्यांशात त्याने सभास्थान बांधून दिल्याचा उल्लेख येतो. ते कफर्णहूमकरांसाठी बांधले, म्हणून तेथे 'आमच्यासाठी'. एकाच वचनात दोन दारे, एक उघडे आणि एक लोटलेले.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा प्रसंग याहून अवघड आहे. प्रभू उशाशी डोके टेकून निजला आहे आणि शिष्य त्याला जागे करून बुडत असल्याचे सांगतात. कोण बुडत आहे? 'आपण' म्हटले, तर शिष्यांच्या मनात प्रभूही त्याच नावेत आहे. 'आम्ही' म्हटले, तर त्यांनी भीतीच्या भरात त्याला नावेतून जवळजवळ बाहेर काढले आहे. तुला पर्वा नाही का, या त्यांच्या तक्रारीचा सूर पाहता मला 'आम्ही' अधिक खरे वाटते. तुमच्या अभ्यासगटात हा उतारा कधी आला, तर एवढा एकच प्रश्न मध्ये ठेवून पाहा. नावेत निजलेल्या प्रभूविषयी आपण नेमके काय मानतो, ते अर्ध्या तासात बाहेर येते.

हे सारे व्याकरण मी आठवडी गटांत बसणाऱ्या वाचकापुढे का मांडतो आहे? कारण हाच प्रश्न तुमच्या बैठकीत दर आठवड्याला उभा राहतो आणि बहुधा कोणाच्याही लक्षात न येता निघून जातो. सहा-आठ माणसे एका घरी जमतात, एक अध्याय वाचतात, त्यावर बोलतात आणि मग डोळे मिटतात. कोणीतरी एक जण सर्वांच्या वतीने प्रार्थना करू लागतो आणि म्हणतो, "हे प्रभू, आम्ही…" येथे मराठीची देणगी आपल्याला सोडून जाते. देवाशी बोलताना खोलीतील सर्व माणसे 'आम्ही'च्या बाजूला येतात. 'आपण' म्हणावे, तर ते देवालाच आदराने संबोधल्यासारखे होते. म्हणून या 'आम्ही'मध्ये कोण आहे आणि कोण नाही, हे व्याकरण सांगत नाही. ते बोलणाऱ्याच्या विवेकबुद्धीला ठरवावे लागते. दुसऱ्याच्या वतीने देवासमोर असत्य बोलले जाऊ शकते काय? माझ्या मते बोलले जाऊ शकते, आणि ते फार सद्भावनेने बोलले जाते.

प्रार्थनेच्या आडून बोधपर चिमटा काढण्याचा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. "हे प्रभू, आमच्यातील जे वेळेवर येत नाहीत त्यांना जागृत कर," अशी विनंती ऐकून प्रभूच्या आधी उशिरा आलेला गृहस्थच जागा होतो! त्यावर अधिक शाई खर्च करीत नाही. खरा प्रश्न पापांगीकाराचा आहे.

शास्त्रात एज्रा, नहेम्या आणि दानीएल या तिघांच्या पापांगीकाराच्या थोर प्रार्थना आहेत, तिन्ही आपापल्या पुस्तकाच्या अनुक्रमे नवव्या, पहिल्या आणि नवव्या अध्यायांत. जे पाप तिघांनी स्वतः प्रत्यक्ष केलेले दिसत नाही, त्याखाली तिघेही स्वतःला उभे करतात. एज्रा तर बाबेलहून नुकताच आलेला. तरी लाजेने मान वर होत नाही असे 'मी'ने आरंभून तो त्याच वाक्यात 'आमच्या' अपराधांवर येतो. (त्यानंतर परजातीय स्त्रियांना घालवून देण्याचा जो निर्णय झाला, तो मला आजही पचत नाही, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) दुसरीकडे यहेज्केलाचा अठरावा अध्याय ठणकावून सांगतो की मुलाने बापाच्या अन्यायाचा भार वाहावयाचा नाही, जो पाप करील तोच त्याचा जबाबदार. मग एज्राची 'आम्ही' खोटी म्हणावी काय?

या दोन्ही शिकवणी एकत्र नांदू शकतात, असे मला वाटते. दोष आणि उत्तरदायित्व एक नव्हेत. बापाने केलेल्या कर्जाचा गुन्हा मुलावर येत नाही, पण त्या कर्जातून बांधलेल्या घरात मुलगा राहत असेल, तर दारात उभ्या असलेल्या सावकाराला तो "मी कोण?" असे विचारू शकत नाही. एज्रा दोष वाटून घेत नाही, तो उत्तर द्यावयास उभा राहतो.

याचे एक अर्वाचीन उदाहरण जर्मनीतील आहे. महायुद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये तेथील इव्हँजेलिकल मंडळीच्या पुढाऱ्यांनी श्टुटगार्ट येथे एक दोषांगीकार प्रसिद्ध केला. सही करणाऱ्यांत मार्टिन नीमोलर होते. हिटलरच्या राजवटीने १९३७ साली त्यांना अटक केली होती आणि १९४५ पर्यंत ते तुरुंगात व छळछावण्यांत होते. "हे 'आम्ही' माझे नव्हे," असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही. हा त्या निवेदनाचा मोठेपणा झाला. त्याचे उणेपण असे की, ज्या यहूदी लोकांचा लाखोंनी संहार झाला त्यांचे नाव त्यात कोठेही नाही. ते स्पष्ट शब्दांत यावयास १९५० साल उजाडावे लागले. 'आम्ही' व्यापक होते, म्हणून ते धूसरही राहू शकले.

आता आपल्या घरी येऊ.

काही वर्षांपूर्वी एका शहरातील घरगुती गटात मी पाहुणा म्हणून बसलो होतो. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय चालू होता: सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्याला चांगली जागा, आणि मळक्या वस्त्रांतील दरिद्र्याला उभे राहावयास सांगणे. चर्चा चांगली झाली. गटप्रमुख सुशिक्षित, प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांच्या घराण्यात ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या उच्च जातीची आठवण अजून जपली जात असे, आणि याची त्यांना स्वतःला लाज वाटत असे. शेवटी त्यांनी मनापासून प्रार्थना केली, "प्रभू, आम्ही तुझ्या मंडळीत जातिभेद पाळला, आम्हांला क्षमा कर." सर्वांनी आमेन म्हटले. कोपऱ्यात बसलेल्या एका बाईंनी म्हटले नाही. चहाच्या वेळी त्या मला हळूच म्हणाल्या, "सर, माझ्या आजीला देवळात मागच्या चटईवर बसवायचे. तिच्या वतीने मी कशाची क्षमा मागू?"

वाचकहो, या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नका. "सर्वांनीच पाप केले आहे, बाईंनीही नम्र व्हावे," असे उत्तर आपल्या जिभेवर लगेच येते. त्याला रोमकरांस पत्राचा आधारही दाखविता येतो. पण सर्व जण पापी आहेत याचा अर्थ प्रत्येक पाप सर्वांचे आहे असा होत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला अन्याय करणाऱ्यांच्या रांगेत उभे करून सर्वांसाठी एकत्र क्षमा मागितली, की अन्यायाला धनीच उरत नाही. गटप्रमुखांना स्वतःला दोषाच्या आत घ्यावयाचे होते, आणि तो हेतू उदात्तच होता. परंतु त्यांच्या 'आम्ही'ने त्या बाईंनाही न विचारता आत ओढले. सर्वांना सामावून घेणारा शब्द नेहमीच अधिक प्रेमळ असतो, या समजुतीवर म्हणूनच माझा विश्वास नाही. कधीकधी 'आपण सारे' हा शब्द सत्याला झाकण्यासाठीच कामी येतो. आपल्या मराठी मंडळ्यांपैकी कितीतरी मंडळ्या महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. त्या इतिहासाचे ओझे आणि गौरव दोन्ही ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना "आमच्यात आता जात नाही" हे वाक्य विवाहाच्या बोलणीपर्यंतच ऐकू येते, हे आपण सर्व जाणतो.

त्या गृहस्थांनी काय म्हणावयास हवे होते? शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. नहेम्याने आपल्या पहिल्या अध्यायात लोकांच्या पापांबरोबर 'मी आणि माझ्या वडिलांचे घराणे' असे वेगळे नाव घातले आहे. इस्राएलाच्या मोठ्या 'आम्ही'त विरघळून न जाता तो आपला पत्ता देवाला सांगतो. "प्रभू, मी आणि माझ्या घराण्याने हे केले," एवढेच त्या संध्याकाळी म्हटले गेले असते, तर त्या बाईंनाही एखादे वाक्य बोलता आले असते. ते क्षमेचे असते की विलापाचे, हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ते ठरविण्याचा अधिकारही आपला नाही.

याचा उलट अर्थ काढून कोणी प्रार्थनेतून 'आम्ही' काढूनच टाकू नये. परुशी आणि जकातदाराच्या दाखल्यातील परुशी 'मी'नेच प्रार्थना करतो, आणि इतर माणसे कशी आहेत हे देवाला सांगतो. उलट प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत 'मी' एकदाही येत नाही. खोलीचे दार लावून एकट्याने भाकर मागितली, तरी ती 'आम्हांला' मागावी लागते, आणि मग ज्याच्या घरी आज चूल पेटली नाही तो माझ्या वाक्यात येऊन बसतो. याकोबाचे तेच पत्र पुढे विचारते की उघड्या-उपाशी भावाला "ऊब घे, तृप्त हो" एवढे शब्दच दिले तर काय लाभ? 'आम्ही' उच्चारणे हे एक देणे अंगावर घेणे आहे. गटातील कोणाची नोकरी गेली असताना तिच्यासाठी सामुदायिक प्रार्थना करून आपण निघालो आणि त्या महिन्याच्या घरभाड्याचा विचारही मनात आला नाही, तर त्या प्रार्थनेतील बहुवचन तपासून पाहावे.

दीट्रिख बोनहोफर यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या सहजीवनावरील आपल्या छोट्या पुस्तकात या संदर्भात एक अट घातली आहे. गेस्टापोने १९३७ साली बंद केलेल्या फिंकेनवाल्डे येथील सेमिनरीतील अनुभव त्यामागे होता. सर्वांच्या वतीने प्रार्थना करणाऱ्याने सर्वांच्या रोजच्या जीवनात सहभागी असले पाहिजे, त्यांच्या चिंता व आनंद त्याला ठाऊक असले पाहिजेत, असे ते म्हणतात. मोठ्या मंडळीत ही अट पाळणे कठीण. आठ माणसांच्या गटाला मात्र सबब नाही. लहान गटाचे खरे मोल मला येथे दिसते. तेथे प्रार्थना खोल होते ती आवाजाने किंवा लांबीने नव्हे, तर बोलणाऱ्याला शेजारी बसलेल्याचा आठवडा ठाऊक असल्यामुळे.

पौलाने तर मोजमाप ऐकणाऱ्याच्याच हाती दिले आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तो विचारतो की तुझे बोलणे ज्याला समजत नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसे म्हणेल? तेथे प्रश्न न समजणाऱ्या भाषेचा आहे. पण मला तो समजणाऱ्या भाषेलाही लागू वाटतो. 'आमेन' ज्या इब्री धातूपासून आला त्याचा अर्थ दृढ असणे, विश्वासास पात्र असणे. अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायात लेवी एकेक शाप उच्चारतात आणि लोक बारा वेळा आमेन म्हणतात. म्हणजे प्रत्येकाखाली आपली सही करतात. न वाचता सही करू नये, हे आपण मुलांना शिकवितोच.

म्हणून गटाला माझी एक सूचना आहे. पुढील काही आठवडे ४४वे स्तोत्र घ्या. त्यात 'मी' आणि 'आम्ही' एकमेकांत विणलेले आहेत: कोठे एकाचा आवाज, कोठे साऱ्या लोकांचा. शिवाय हे लोक पापांगीकार करीतच नाहीत; आम्ही तुझा करार मोडला नाही, असे म्हणून ते देवालाच जाब विचारतात. प्रत्येक वचनाशी थांबून विचारा की हे कोण बोलत आहे, आणि आपल्यापैकी कोणाला हे बोलता येईल. ज्याला येत नाही त्याने तसे सांगावे. मग प्रार्थनेला बसाल तेव्हा बोलणाऱ्याने आपल्यासाठी 'मी' वापरावे, आणि खरोखर सर्वांचे असेल तेथेच 'आम्ही' म्हणावे. शेवटी आमेनच्या आधी थोडी शांतता ठेवा, घड्याळाकडे न पाहता. एखाद्या दिवशी कोणी आमेन म्हटले नाही, तर त्या व्यक्तीला तेथेच कारण विचारू नका आणि तिच्यासाठी मोठ्याने प्रार्थनाही करू नका. चहा करताना तिच्या शेजारी उभे राहा.